पाठमोरा

बावडा, ता. इंदापूर
१४ मार्च २०२३

अक्का,

तुझा फोन लागत न्हाय. ऋषिराजनं माझा नंबर बंद केला असंल. तुझ्या लेकाला मी दोष देत न्हाय, त्याच्या जागी मी असते तर मीबी केला असता. म्हणून किती वर्षांनी पोस्टातनं पाकीट आणलं. लोणी भापकर सोडून आमी बावड्याला आलो तेव्हा आपण दोघी दर महिन्याला लिहायचो. मग फोन आले आणि हात मोडल्यासारखा झाला. अक्षर बघून हसू नको.

भीमाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी चुलीवरची भाकरी तशीच सोडून बसले. नावाला तुझा दीर, पण तू त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलास. भिंतीला भिंत लागून राहिलो आपण, माझ्यापेक्षा ते कोण जास्त जाणणार? मातीला यायचं होतं. अबरारचे अब्बा म्हणाले, "आता आपल्याला तितं कोण उभं करणार?" भीमाभाऊंच्या खुनासाठी पोलीस माझ्या लेकाला, अबरारला, आदल्या दिवशीच घेऊन गेले होते.

आता जे लिहायचंय ते लिहिते. साक्षीदारांत तुझं नाव हाय असं वकील म्हणाले. मी म्हटलं, तुमी चुकीचं वाचताय, दुसरी कोण जयवंता असंल. त्यांनी गावाचं नाव वाचून दाखवलं.

अबरार म्हणतो, त्या दिवशी तो माळेगावला कारखान्यावर होता, उसाची ट्रॉली घेऊन रांगेत. लोणीतल्या आमच्या शेताचा पाइप फुटल्यावरनं भीमाभाऊंशी त्याचं भांडण झालं होतं, हॉटेलापुढं "बघून घेतो" म्हणाला होता, हे तो कबूल करतो. तुरुंगात भेटायला गेले तेव्हा तुझं नाव सांगितलं. जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी खोटं बोलायची न्हाय. तिनं काहीतरी बघितलंच असंल."

एवढंच. मी काही मागत न्हाय. हे पत्र कुणी वाचलं तरी चालंल.

तुझी,
करिमा


लोणी भापकर
२ एप्रिल २०२३

करिमा,

पत्र मिळालं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं, बरं झालं.

तू विचारलं न्हाईस तरी सांगते. दिवेलागणीची वेळ होती. मी शेरडं घेऊन परत येत होते. पाटाच्या कडंनं एक माणूस चालला होता, पलीकडं ओढ्याच्या बाजूला. घाईनं न्हाय, आपला चालला होता. उजवा खांदा जरा खाली, पाय बाहेर टाकत. मी हाक मारणार होते, "अबरार, चहा घेऊन जा." पण शेरडू उसात शिरलं म्हणून मागं फिरले. घरी येऊन चूल पेटवली आणि आरडाओरडा ऐकू आला. भावजी त्यांच्याच उसाच्या कडेला पडले होते. कोयत्यानं मारलं होतं. पुढचं तुला लिहीत न्हाय.

करिमा, तू टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होतीस तेव्हा तुझं लेकरू माझ्या अंगावर होतं. एका बाजूला ऋषी, एका बाजूला अबरार. माझं बोट धरून तो अंगणात चालायला शिकला. त्याची चाल मी ओळखायची न्हाय?

भावजींची बायको स्वरूपा पोरीला मांडीवर घेऊन दिवसभर भिंतीकडं बघत बसते. ती जेवावी म्हणून मी तिच्यापुढं बसून जेवते. मला घास उतरत न्हाय, तरी गिळते.

दोघंबी माझ्याच हातानं वाढलेले. एक मातीत गेला आणि एक तुरुंगात. मी कुणाच्या नावानं रडू ते तूच सांग.

आता लिहू नको.

जयवंता


बावडा
२० जून २०२३

अक्का,

लिहू नको म्हणालीस तरी एकदा लिहिते. ह्याच्यापुढं तू लिहिशील तेव्हाच.

तू बघितलंस ते खोटं हाय असं मी म्हणत न्हाय. एकच विचारते. तोंड बघितलंस का?

अबरारचं तुला सांगायचं राहिलं. ट्रॅक्टर रांगेत होता हे कारखान्याच्या पावतीवरनं दिसतं. पण सरकारी बाजू म्हणते, ट्रॅक्टर रांगेत उभा करून माणूस मोटरसायकलवर जाऊन येऊ शकतो. बरोबरच हाय त्यांचं. अबरारनं वकिलांना सांगितलंय, बैलगाडीनं ऊस आणणाऱ्या एका बाईचा बैल दुपारी खाली बसला तो उठलाच न्हाय. त्या बैलापाशी हा अंधार पडेपर्यंत होता. बाई बीडकडची. नाव विचारलं न्हाय, बैलाचं नाव तेवढं आठवतं, हरण्या.

पोलिसांना हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते हसले म्हणे.

हंगाम संपलाय, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं गेल्या. पुढच्या हंगामात अबरारचे अब्बा गाडीगाडीला जाऊन विचारणार हायत. बैलाच्या नावावरनं बाई शोधायची, लोक वेडं म्हणतील. म्हणू देत.

स्वरूपाला माझा निरोप देऊ नको. तिला त्रास होईल. तिच्या पोरीला तेवढं जवळ घे.

करिमा


लोणी भापकर
११ डिसेंबर २०२३

करिमा,

तुझं पत्र सहा महिने तांदळाच्या डब्यात हाय. उत्तर लिहायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

परवा एक गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवंना. त्याच वेळेला, त्याच वाटेनं शेरडं घेऊन येत होते. पाटावर भावजी चालले होते. खरं सांगते, भावजीच. डोक्याला तसाच टॉवेल, हात मागं बांधलेले. माझ्या मनात एवढंच आलं, की आज उशीर झाला ह्यांना, भाकरी गार झाली असंल. मी हाक मारली, "भावजी!" माणूस वळला. तोडीवर आलेला कोण म्हातारा होता. चांगला सत्तरीचा. म्हणाला, "काय पायजे, बाई?"

मी तितंच खाली बसले. म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर कुणाला बोलले न्हाय. स्वरूपाला तर कसं सांगू? त्या रात्री मला झोप न्हाय. मेलेल्या माणसाला मी पाठमोरा ओळखला, करिमा. एका क्षणाचीबी शंका आली न्हाय मला.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तुला देणार न्हाय. तू आई हायस, तुला सांगितलं तर ते तुझ्यासाठी सांगितल्यासारखं होईल. स्वरूपाला सांगितलं तर तिच्यासाठी. मी ते कोर्टातच सांगणार. तोवर आपण लिहायचं न्हाय. ह्यावेळी रागानं म्हणत न्हाय.

मकसूदभाई गाडीगाडीला विचारत फिरणार म्हणालीस, त्यांना सांग, उन्हातान्हात फिरताना डोक्याला बांधून फिरा.

जयवंता


बावडा
१ सप्टेंबर २०२४

अक्का,

साक्ष झाली, आता लिहायला हरकत न्हाय असं मी माझं ठरवलं.

बारामतीच्या कोर्टात मी शेवटच्या बाकड्यावर होते, खांबाआड. तू आलीस तेव्हा मला वाटलं दुसरीच कोण बाई हाय, एवढी वाळलीस. गुडघ्यावर हात ठेवून पिंजऱ्यात चढलीस. अबरारकडं तू बघितलं न्हाईस. तो तुझ्याचकडं बघत होता.

जे झालं ते तुला माहीत हाय, पण मला लिहू दे. मी रोज मनात तेच ऐकते.

सरकारी वकील म्हणाले, "पाटावरून जाणारा माणूस कोण होता?"

तू म्हणालीस, "अबरारवानी दिसला."

"दिसला का होता?"

"दिसला."

"पोलिसांना तुम्ही सांगितलंय की तोंड बघितलं, अबरारच होता."

"तोंडाचं मी बोलले न्हाय. माणूस पाठमोरा होता. त्यांनी काय लिहिलं ते मला कुणी वाचून दाखवलं न्हाय."

मग वकिलांचा आवाज चढला. साक्षीदार फितूर झाली म्हणाले, आरोपीच्या आईची मैत्रीण हाय, दूध पाजलंय, हे सगळं काढलं. जजसाहेबांनी तुला विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"साहेब, मेला तो माझा हाय. दबाव कोण आणणार?"

"मग तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तो आरोपी होता का?"

तू कठड्याला दोन्ही हात टेकवलेस. मग म्हणालीस, "वाटायचं म्हणाल तर पोटातनं मला वाटतं तोच होता. पण डोळ्यांनी मी पाठ बघितली. बघितलं ते सांगायची शपथ घेतलीय, वाटलं ते सांगायची न्हाय."

अक्का, तू "तोच होता" म्हणालीस तेव्हा तितनं निघून जावं वाटलं. आणि पुढचं ऐकलं तेव्हा उठून तुझ्या पाया पडावं वाटलं. दोन्ही एकाच वेळी झालं.

बाहेर ऋषिराज आणि तुमची माणसं जीपमध्ये बसून निघून गेली. तू एसटी स्टँडकडं एकटी चालत गेलीस. मी मागनं येत होते. वकिलांनी माझा हात धरला, म्हणाले, "आत्ता न्हाय. कुणी बघितलं तर तिच्या साक्षीला डाग लागंल." तू वळणाला जाईपर्यंत मी रस्त्यात उभी होते.

तुला जेवायला कोण वाढतं?

करिमा


लोणी भापकर
३ ऑक्टोबर २०२४

करिमा,

माझ्या पाया पडायचं काही कारण न्हाय. मी अबरारला सोडवायला बोलले न्हाय. उद्या तो सुटला आणि त्यानंच केलं असंल, तर भावजींना मी काय तोंड दाखवू? हे ओझं माझं हाय, तू त्याला उपकार म्हणू नको.

जेवायचं विचारलंस. माझी चूल आता वेगळी हाय, पडवीत. ऋषी बोलत न्हाय. पण रोज सकाळी माझ्या दारात सरपण फोडून ठेवलेलं असतं, आणि ते काय आभाळातनं पडत न्हाय. स्वरूपानं मात्र तोंडावर विचारलं. "जाऊबाई, तुमी मला माझ्या नवऱ्याचा न्याय मिळू दिला न्हाय." मी म्हटलं, "मी चुकीचा माणूस दिला तर तो न्याय होईल का?" ती म्हणाली, "मला माणूस पायजे होता. कुणीतरी पायजे होता." असं म्हणून इतकी रडली. मी जवळ गेले तर मला ढकललं न्हाय, पण धरलंबी न्हाय.

तिची पोरगी माझ्याकडं येते, अभ्यासाला म्हणून. स्वरूपा तिला अडवत न्हाय.

आता मी तुला एक विचारते. तू मला एकदा विचारलंस, तसं मीबी एकदाच. तू त्याची आई हायस. मध्यरात्री जाग येते तेव्हा तुझ्या मनात कधी आलं का, की त्यानं केलं असंल? खरं लिही. न्हाय तर लिहू नको.

जयवंता


बावडा
१८ ऑक्टोबर २०२४

अक्का,

आलं.

पहिल्या महिन्यात आलं, जेव्हा तुझं नाव कळलं. कारण तू खोटं बोलत न्हाईस हे मला त्याच्या खरेपणापेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. पुढच्या भेटीला मी त्याच्या हाताकडं बघत बसले. त्यानं ते ओळखलं आणि हात खिशात घातले. त्यानंतर तो माझ्याशी फार बोलला न्हाय. तो कसा हाय ते मी तुला कधी लिहिलंच न्हाय. बरा न्हवता. दीड वर्ष तो हो न्हायच्या पलीकडं बोललेला न्हाय.

हे मी त्याच्या अब्बांनाबी सांगितलेलं न्हाय. तुला सांगितलं.

मागच्या हंगामात ती बाई मिळाली न्हाय, बीडकडच्या काही टोळ्या कर्नाटकात गेल्या होत्या, तिचीबी त्यात असंल. दिवाळीनंतर गाड्या येतील. हे पुन्हा जाणार. छातीत दुखतं ह्यांच्या, तरी ऐकत न्हाईत.

करिमा


बावडा
२५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

अबरार सुटला. निर्दोष.

तुला कुणीतरी सांगितलंच असंल, पण नीट सांगायला मीच पायजे. डिसेंबरात अबरारचे अब्बा माळेगावच्या पालांवर रोज जात होते. प्रत्येक गाडीपाशी उभं राहून विचारायचे, "हरण्या बैल कुणाचा होता का?" पोरं टिंगल करायची. एक दिवस भाकरी थापणाऱ्या एका बाईनं मान वर केली. म्हणाली, "माझा होता. तुमी कशाला त्याचं नाव काढता?" रंगूबाई तिचं नाव. हे तितंच मातीत बसले आणि रडायला लागले. त्या बाईला कळंना काय झालं. तिनं आधी ह्यांना भाकरी दिली, मग विचारलं.

कोर्टात सरकारी वकिलांनी तिला पुष्कळ फिरवलं. दोन वर्षांपूर्वीचा माणूस कसा आठवतो म्हणाले. ती म्हणाली, "साहेब, माझा बैल गेला त्या दिवशी. लहान असल्यापासनं दावणीला होता. लोक म्हणत होते, बाजूला ओढा, रांग अडली. ह्या पोरानं रांग सोडली आणि माझ्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दिवे लागले तेव्हा बैलानं मान टाकली. तवर हा उठला न्हाय. मी ह्याचं तोंड विसरंन का?"

"त्या अंधारात तोंड दिसलं?"

"मी समोर बसले होते. आमच्या दोघांत बैलच तेवढा होता."

दिवस कुठला ते जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनीच बैलाला तपासलं होतं. जजसाहेबांनी निकालात तुझं नाव घेतलं, अक्का. म्हणाले, ह्या साक्षीदारानं आपलं नातं, आपलं दुःख आणि आपला समज बाजूला ठेवून, दिसलं तेवढंच सांगितलं. मी वकिलांकडनं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं.

घरी आणलाय. जमिनीवरच झोपतो, कॉटवर झोप येत न्हाय म्हणतो. ट्रॅक्टरच्या आवाजानं दचकतो. चालतोबी कसा तरी, मान खाली, भिंतीच्या कडंनं. तुरुंगात कंबरेला मार लागला होता, ते आत्ता कळलं. काल मात्र आपणहून एक वाक्य बोलला. "ईद झाली की मावशीकडं जाऊन येतो."

मला भीती वाटते. ऋषिराज हाय, स्वरूपा हाय. भीमाभाऊंना कुणी मारलं ते अजून कुणाला माहीत न्हाय, आणि लोकांना रिकामी जागा बघवत न्हाय. तू न्हाय म्हण, म्हणजे मी त्याला थांबवते.

करिमा


लोणी भापकर
६ एप्रिल २०२५

करिमा,

न्हाय म्हण, असं तू लिहिलंस, आणि मी उत्तरच दिलं न्हाय. ते मुद्दाम.

आज तो आला. मी अंगणात शेंगा फोडत होते. वाटेनं कोण तरी वाकून, एक पाय ओढत येत होतं. मला वाटलं वर्गणी मागणारा असंल. मी म्हटलं, "घरात कोण न्हाय, बाबा. कोण पायजे?"

तो थांबला. हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "मावशी."

समोरनं, भर दुपारी, तोंडाकडं बघून मी त्याला ओळखलं न्हाय, करिमा. आवाजावरनं कळलं. मी उठायला गेले. मांडीवरच्या शेंगा सगळ्या सांडल्या. तो खाली बसला आणि एकेक शेंग गोळा करायला लागला. मीबी शेंगाच गोळा केल्या. मग मला म्हणावं लागलं ते म्हटलं. "माझ्यामुळं तुझी दोन वर्षं गेली." तो म्हणाला, "तू बघितलं तेवढंच सांगितलंस." मी म्हटलं, "कोर्टात तेवढंच सांगितलं. मनात मी तुला कधीच धरून ठेवलं होतं." तो म्हणाला, "मला ठाव होतं. आत बसून मीबी तुझ्यावर चिडायचो. आणि चिडलो की भूक लागायची, तुझ्या हातचं आठवायचं." आणि हसला. दात तसेच हायत, पुढं आलेले.

स्वरूपा दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता काय होतंय. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "तू न्हवतास ना?"

तो उठून उभा राहिला. "न्हवतो, वहिनी. भांडलो होतो. मारलं न्हाय. भीमाभाऊंनीच मला ट्रॅक्टरवर पहिल्यांदा बसवलं होतं."

ती वळली. आत गेली. दार लावलं न्हाय. थोड्या वेळानं पोरगी तांब्या घेऊन आली, म्हणाली, "आईनं पाणी दिलंय." त्यापेक्षा जास्त काही झालं न्हाय आणि मी जास्त मागत न्हाय. तिचा माणूस कुणी मारला ते तिला कळायचं राहिलंय. मी पोलिसांकडं पुन्हा अर्ज द्यायचं म्हणतेय. ऋषी म्हणाला, मी घेऊन जातो तुला. सात-आठ महिन्यांनी बोलला, तोबी भिंतीकडं बघून.

तू दिलेल्या शेवया दुधात केल्या. अबरारनं दोन वाट्या खाल्ल्या आणि पडवीत माझ्या कॉटवर जरा टेकतो म्हणाला. टेकला तो झोपलाच. तू म्हणतेस कॉटवर झोप येत न्हाय त्याला. हितं आलीय बघ. ट्रॅक्टर गेला रस्त्यानं, तरी हलला न्हाय.

पाच वाजून गेलेत, त्याच्या एसटीची वेळ टळून चाललीय. हे पत्र त्याच्याच हाती देणार म्हणून घाईनं लिहितेय. पण उठवत न्हाय मी त्याला. आज मुक्काम करू दे. तू वाट बघत असशील, काळजी करशील, म्हणून ऋषीच्या फोनवरनं तुला फोन लावायला सांगितलाय. त्यानं नंबर विचारला. मला पाठ होता.

जयवंता